दुकान परराज्यात, गाडी एमएच पासिंगची : विमा, टॅक्स आणि खर्चाचा पूर्ण हिशोब



परराज्यात दुकान टाकायचं म्हटलं की आपण वहीत काय काय लिहितो? दुकानाचं डिपॉझिट, भाडं, फर्निचर, पहिला माल, पोरांचे पगार, बोर्ड. गाडी मात्र त्या यादीत नसते. "ती तर आपलीच आहे, चालवत घेऊन जायची!" मग वर्षभराने तिथला एखादा अधिकारी गाडी बाजूला घ्यायला लावतो आणि विचारतो, "एमएच पासिंग? इथला टॅक्स भरलाय का?" आणि लाखभर रुपयांचा विषय अचानक समोर उभा राहतो. तोही अशा वेळी, जेव्हा गल्ल्यातला प्रत्येक रुपया मालात अडकलेला असतो.

आपली माणसं बाहेर जाऊन धंदा करतात ही काही नवी गोष्ट नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडी भागातले गलाईवाले कित्येक पिढ्या देशभर सोन्या-चांदीची गलाई करतायत. आता चप्पल, मसाले, साड्या, खाद्यपदार्थ घेऊन नवी पोरं बंगळुरू, हैदराबाद, सुरतला जातायत. व्हिडिओत मी हा विषय धावता सांगितला, आकडेमोड राहून गेली. ती इथे करू.

एकच उदाहरण धरतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा तुमचं कोल्हापुरात कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे आणि आता बंगळुरूला दुसरं टाकताय. गाडी आहे ८ लाखांची, पेट्रोल, १२०० सीसी, साडेतीन वर्षं जुनी, एमएच ०९ पासिंग, तुमच्या स्वतःच्या नावावर.

विम्याची भीती जास्त, खर्च कमी

"सर, राज्य बदललं की इन्शुरन्स रद्द होतो का?" असं बरेच जण विचारतात. नाही होत. गाडीची पॉलिसी पूर्ण भारतात चालते. कोल्हापुरात काढलेली पॉलिसी बंगळुरूत तेवढीच वैध. मुदत संपेपर्यंत नवी काढायची गरज नाही, आणि कुणी एजंट "राज्य बदललंय, नवीन घ्यावी लागेल" म्हणत असेल तर तो त्याचं कमिशन बघतोय.

प्रीमियमचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर देशभर एकच. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या गाडीला कोल्हापुरात ३,४१६ आणि बंगळुरूतही ३,४१६.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान आणि चोरी. यात ठिकाणाचा फरक पडतो. खासगी गाड्यांसाठी मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही शहरं 'ए' झोनमध्ये, बाकी सगळा भारत 'बी' झोनमध्ये. कोल्हापूर 'बी', बंगळुरू 'ए'. ऐकायला मोठं वाटतं, पण या झोनमुळे होणारा फरक साध्या गाडीला वर्षाला काही शे रुपयांचा असतो. त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. तेवढ्यासाठी जुना पत्ता पॉलिसीवर तसाच ठेवण्याची हुशारीही करू नका. क्लेमच्या वेळी सर्वेअर पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कुठे असते?" तिथे तुमचं उत्तर आणि पॉलिसीवरचा पत्ता जुळला पाहिजे. कंपनीला मेल करून पत्ता बदलून घ्या, त्याचं एंडॉर्समेंट मिळतं ते जपून ठेवा.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा : दुकान शिफ्ट करायच्या गडबडीत पॉलिसीची तारीख चुकवू नका. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षं क्लेम न घेता कमावलेली ५० टक्के सूट एका विसरभोळेपणात शून्य होते. विम्याविना गाडी रस्त्यावर दिसली तर पहिल्यांदा दंड २,००० रुपये, पण ते सोडा. त्या काळात अपघात झाला तर भरपाई तुमच्या खिशातून, आणि तिला वरची मर्यादा नाही.

खरा खर्च रोड टॅक्सचा

आता पेन घ्या.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स. म्हणजे गाडी घेताना तुम्ही ८८,००० रुपये भरलेत. शोरूमवाल्याने 'ऑन रोड' म्हणून एकच आकडा सांगितला, म्हणून तो आकडा लक्षात नसतो. हा टॅक्स १५ वर्षांचा आहे, पण फक्त महाराष्ट्रापुरता. रोड टॅक्स राज्याच्या तिजोरीत जातो, त्यामुळे कर्नाटकला तुमच्या ८८ हजारांशी काही देणं-घेणं नाही.

कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के. ८ लाखांवर १,१२,००० रुपये. गाडी जुनी असल्यामुळे वयाप्रमाणे सवलत मिळते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ८१ टक्के भरावे लागतात, म्हणजे ९०,७२० रुपये. त्यावर सेस वेगळा. तो धरला की आकडा लाखाच्या घरात जातो.

आकडे परत बघा. साडेतीन वर्षांपूर्वी नव्या गाडीला ८८ हजार भरले. आता त्याच गाडीला, जुनी झाल्यावर, त्याहून जास्त भरायचे. आणि हे एकरकमी, हप्त्याने नाही. बंगळुरूच्या दुकानात एक लाखाचा माल म्हणजे चपलांचा एक अख्खा रॅक. म्हणून म्हणतो, हा आकडा दुकानाच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा. (दर सरकार बदलत असतं. तुम्ही ज्या महिन्यात जाताय त्या महिन्याचा दर परिवहनच्या संकेतस्थळावर बघूनच आकडा पक्का करा. दुसरं राज्य असेल तर दर आणि सवलतीचा तक्ता दोन्ही वेगळे.)

"मग महाराष्ट्राने घेतलेल्या पैशांचं काय?" उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागता येतो. पण क्रम बघा : आधी नव्या राज्यात पूर्ण टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा, मग ते नवीन आरसी बुक, एनओसीची प्रत आणि जुनी टॅक्स पावती घेऊन मूळ आरटीओत रिफंडचा अर्ज करायचा. पैसे तुमच्या सोयीने येत नाहीत. बजेटमध्ये रिफंड जमेला धरूच नका. आला तर दिवाळी.

जाता जाता एक. कोल्हापूरहून पुण्याला किंवा नागपूरला जाणार असाल तर यातलं काहीच लागू नाही. राज्य तेच, नंबर तोच, टॅक्स भरलेला. फक्त ३० दिवसांत आरसीवर पत्ता बदलण्यासाठी अर्ज करायचा.

बारा महिन्यांचा खेळ नीट समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. शब्द 'ठेवली' असा आहे. तुम्ही कोल्हापुरातच राहताय आणि महिन्यातून दोनदा बंगळुरूला चक्कर मारून येताय, तर गाडी कोल्हापूरचीच.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो. नवीन गावातलं पहिलं वर्ष हे धंद्याचं परीक्षेचं वर्ष असतं. दुकान तिथे रुजेल की नाही हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. अशा वेळी पहिल्याच महिन्यात लाख रुपये नंबर बदलण्यात घालणं मला पटत नाही. कायद्याने वेळ दिलाय तो वापरा. पण नवव्या महिन्यात कॅलेंडरवर लाल गोल करा आणि त्या दिवशी निर्णय घ्या : दुकान चालू ठेवायचं का, आणि ठेवायचं तर गाडी कुठल्या नंबरची. नववा यासाठी की कागदपत्रांना दोन-तीन महिने सहज जातात. तेराव्या महिन्यात धावपळ सुरू केली की दंड, थकीत टॅक्स आणि एजंटची मनमानी, तिन्ही एकदम.

आणि हे १२ महिने सिद्ध कुणी करायचे? व्यवहारात तुम्हीच. गाडी अडवल्यावर "सर, गेल्याच महिन्यात आलो" हे तोंडी सांगून चालत नाही. दुकानाचा भाडेकरार, सामान हलवल्याची पावती आणि सगळ्यात कामाचं म्हणजे फास्टॅगचं स्टेटमेंट. कुठल्या तारखेला कुठला टोल ओलांडला हे त्यात छापलेलं असतं. दर तीन महिन्यांनी डाउनलोड करून ठेवा. कोल्हापूरला येणं-जाणं होत असेल तर तेही त्यातच दिसतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. नोंदणीची १२ महिन्यांची मुदत केंद्राच्या कायद्यातली आहे, टॅक्स मात्र राज्यांचा विषय. जिथे जाताय तिथल्या आरटीओत टॅक्स कधीपासून मागतात हे जाण्याआधीच विचारून घ्या.

नंबर बदलायचा ठरला तर

सुरुवात नव्या आरटीओत करायची नसते. पहिलं काम मूळ आरटीओची एनओसी, फॉर्म २८. ती मिळण्याआधी गाडीवरचे सगळे ई-चलान भरलेले पाहिजेत. लोक इथेच अडकतात, कारण दोन वर्षांपूर्वी पुण्यात चुकून सिग्नल तोडला होता हे कुणाच्या लक्षात असतं? परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून आजच बघून घ्या.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. आरसीवर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे बँकेच्या पत्राशिवाय एनओसी नाही. बँकांना हे पत्र द्यायला वेळ लागतो. कर्ज सात-आठ हप्त्यांचंच राहिलं असेल तर ते संपवून, बोजा उतरवून मगच एनओसी घ्यावी असं मी सांगेन. एक कागद कमी, एक फेरी कमी.

एनओसी आली की नव्या आरटीओत अर्ज, टॅक्स भरणा, गाडीची तपासणी, चालू विमा आणि पीयूसी. नोंदणीची सरकारी फी काही शे रुपयांचीच असते, त्यामुळे एजंट जेव्हा "फी पंधरा हजार" म्हणतो तेव्हा त्यात फी किती आणि त्याची मजुरी किती हे पावतीवर लिहून मागा. मजुरी घेण्यात वाईट काही नाही. तुमचे दुकानाचे तीन दिवस वाचत असतील तर द्याही. पण टॅक्स, फी आणि मजुरी असे तीन आकडे वेगळे दिसले पाहिजेत, आणि टॅक्सची ऑनलाइन पावती तुमच्या हातात.

नवा नंबर आला की तीन ठिकाणी लगेच कळवायचं : विमा कंपनी, फास्टॅग देणारी बँक, आणि कर्ज असेल तर कर्ज देणारी बँक. विम्याचं सगळ्यात आधी. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर बदलत नाहीत, गाडी त्यावरून ओळखता येते हे खरं. पण पॉलिसीवर एमएच ०९ आणि गाडीवर केए, अशा अवस्थेत अपघात झाला की गॅरेजमध्ये कॅशलेसची फाइल तिथेच थांबते. सगळे खुलासे देईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये आणि तुम्ही रिक्षात.

धंदेवाल्यांचा क्लेम अडकतो तो इथे

टॅक्सपेक्षाही मला याची जास्त काळजी वाटते, म्हणून जरा थांबून वाचा.

नव्या शहरात टेम्पोवाला ओळखीचा नसतो. म्हणून आपण काय करतो? मागची सीट पाडायची आणि स्वतःच्या कारमध्ये माल भरायचा. दोन-चार महिन्यांत सवय होते. कोल्हापूर ते बंगळुरू सहाशे किलोमीटरचा हायवे, गाडीत छतापर्यंत चपलांची खोकी.

तुमची खासगी कारची पॉलिसी उघडा आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. भाड्याने वापर चालणार नाही, आणि सॅम्पल किंवा वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक चालणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ग्राहकाला दाखवायला चार जोड नेले तर हरकत नाही. पण विक्रीचा माल भरलेला असताना अपघात झाला, पंचनाम्यात आणि फोटोत खोकी दिसली, तर कंपनीच्या हातात क्लेम नाकारायला कारण मिळालं. अशा प्रकरणात समोरचा माणूस जखमी असेल तर कोर्ट कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं आणि मग ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. दोन-चार हजारांचं टेम्पो भाडं वाचवायला गेलो आणि दुकान विकायची पाळी आली, असं नको.

माल रोजचा असेल तर मालवाहू गाडीच घ्या. छोटा हत्तीसारख्या ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. फिटनेस मात्र लागतो, टॅक्सचा हिशोब वेगळा असतो आणि थर्ड पार्टी प्रीमियम कारपेक्षा बराच जास्त, ७,५०० किलोपर्यंतच्या चारचाकी मालगाडीला १६,०४९ रुपये. पण तुमची जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवरच्या, तिच्या विम्यावरच्या आणि दुरुस्तीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं. साध्या कारवर ते मिळत नाही. हे सीएला विचारताना 'गाडी' असं मोघम बोलू नका, कार की मालगाडी ते सांगा. उत्तर त्यावर फिरतं.

"सर, बीएच नंबर घेऊ का?"

बीएच मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो आणि टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. कल्पना उत्तम. पण ती आहे सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी, संरक्षण दल आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी. तुमच्या-माझ्यासारख्या एका दुकानाच्या मालकाला ती मिळत नाही. घरात बायको किंवा नवरा सरकारी नोकरीत असेल तर त्यांच्या नावावर घेता येते, तो रस्ता सरळ आहे. पाच हजारांत कंपनीचं सर्टिफिकेट आणून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका.

तसाच दुसरा सल्ला फिरतो : "अमक्या राज्यात टॅक्स कमी, तिथून गाडी उचल." तुमचं राहण्याचं किंवा धंद्याचं ठिकाण ज्या राज्यात, तिथेच गाडी नोंदवायची असते. बंगळुरूत दुकान असेल तर तिथे नोंदवणं पूर्ण कायदेशीर. पण बाहेरून गाडी घेऊन तात्पुरत्या नंबरवर फिरत बसणं महागात पडतं. राजस्थानातल्या एका माणसाने पंजाबात बोलेरो घेतली, ६,१७,८०० रुपयांचा विमाही काढला. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ ला संपली. तो धंद्याच्या कामाने जोधपूरला गेला, गेस्ट हाउसबाहेर गाडी लावली आणि रात्रीत ती चोरीला गेली. राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. वैध नोंदणी नव्हती, म्हणून चोरीचा क्लेम नाही. विमा चालू होता, प्रीमियम भरलेला होता, तरीही. तुमच्या एमएच गाडीची पक्की नोंदणी आहे, त्यामुळे तुमची गोष्ट त्याच्यासारखी नाही. पण नवीन गाडी घेणार असाल तर पक्का नंबर पडेपर्यंत गावाबाहेर काढू नका.

गाडी विकूनच गेलं तर?

कधीकधी हाच स्वस्त सौदा असतो. गाडी आठ-नऊ वर्षांची असेल, परतायचा विचार नसेल, तर टॅक्समध्ये जाणारी रक्कम आणि गाडीची आजची किंमत शेजारी-शेजारी लिहा. दोन-अडीच लाखांच्या गाडीवर पन्नास-साठ हजारांचा टॅक्स बसत असेल तर मी तरी ती इथेच विकेन. परराज्यात जाऊन एमएच नंबरवर विकायला काढली तर तिथला गिऱ्हाईक हाच टॅक्स किमतीतून कापून मागतो. इथे तुमच्या नंबरला पूर्ण भाव आहे. आपल्या उदाहरणातली साडेतीन वर्षांची गाडी मात्र मी ठेवेन. ती अजून दहा वर्षं चालणार आहे, लाखाचा टॅक्स दहा वर्षांत वाटला तर वर्षाला दहा हजार पडतात.

विकताना नाव बदलून झाल्याची खात्री स्वतः करा. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत त्या गाडीचा अपघात तुमच्या दारात येतो. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ५० टक्के सूट कमावली असेल तर ती तीन वर्षांपर्यंत राखून ठेवता येते आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज भागावर वापरता येते. नव्या गाडीचा तो भाग २०,००० असेल तर सरळ १०,००० रुपये वाचले. शोरूममध्ये बसून इन्शुरन्सच्या कागदावर सही करण्याआधी हे पत्र टेबलावर ठेवायचं, नंतर नाही.